मोगलाई कशी गेली?

सतरा सप्टेंबरला शहाड, उल्हासनगर, अंबरनाथच्या पट्ट्यात कारखान्यांतून विश्वकर्मा पूजा असते. लेथ पुसून चकचकीत केलेले, मोटारींना झेंडूचे हार, दुपारी पुरी-भाजी आणि बुंदी. त्याच सकाळी आमच्या चाळीतल्या चार-पाच घरांची गडबड मात्र वेगळी असते. ही घरं जालना, परभणी, नांदेडकडून आलेली. ती मंडळी चौकात बांबू रोवतात, तिरंगा लावतात, पेढे वाटतात. मागच्या वर्षी पाचवीतल्या एका पोराने विचारलं, "पंधरा ऑगस्ट होऊन महिना झाला की. आता परत कशाला झेंडा?"

खुर्चीवर बसलेल्या आजी म्हणाल्या, "तवा आमच्याकडं आलंच नव्हतं रे स्वातंत्र्य. आमच्याकडं मोगलाई व्हती."

आजी मंठ्याकडच्या. आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९४८. खरी तारीख कुणालाच ठाऊक नसली की ही एक जानेवारी कामाला येते. त्यांचं स्वतःचं पंचांग निराळं आहे. "रझाकाराच्या टायमाला माय पोटुशी व्हती. बैलगाडीत घालून रातोरात लोणारला नेली. थितं मी झाले." मंठा निजामाच्या राज्यात, लोणार पलीकडे वऱ्हाडात. अंतर बैलगाडीने एका रात्रीचं, पण मध्ये दोन राज्यांची सरहद्द.

मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात या काळाला तीन नावं आहेत: मोगलाई, रझाकारी आणि पोलीस ॲक्शन. चौथं नाव शाळेच्या पुस्तकातलं, मुक्तिसंग्राम. घटना एकच, हैदराबादच्या निजामाची गादी जाण्याची. पण चारही शब्द तिचा वेगवेगळा तुकडा सांगतात, आणि प्रत्येक शब्द काहीतरी झाकूनही ठेवतो. ते एकापुढे एक ठेवले तरच ती गादी कशी गेली याचा उलगडा होतो.

मोगलाई

दिल्लीच्या बादशहाचा दख्खनचा सुभेदार मीर कमरुद्दीन याने १७२४ मध्ये इथे आपली सत्ता पक्की केली. त्याचं घराणं असफजाही. त्याचा किताब निजाम-उल-मुल्क. मोगल गेले, पेशवे गेले, पण निजाम राहिला. इंग्रजांशी त्याने जमवून घेतलं आणि 'ब्रिटिश सरकारचा विश्वासू मित्र' अशी पदवी मिरवली. पुण्या-सोलापूरची माणसं या राज्याला मोगलाईच म्हणत राहिली. कारभार मनमानी असला की आपण आजही "ही काय मोगलाई लागून गेली?" असं विचारतो. या म्हणण्यामागे केवळ औरंगजेबाची आठवण नाही. शेजारच्या राज्याचा अनुभवही आहे.

हिंदुस्थानातल्या साडेपाचशेंवर संस्थानांत निजामाचं हैदराबाद अव्वल. क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस मैल, लोकसंख्या १९४१ मध्ये १ कोटी ६० लाखांच्या वर, जिल्हे सोळा. त्यांतले आठ तेलंगणातले, तीन कन्नड मुलखातले आणि पाच मराठी: औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद. राज्याला स्वतःचं नाणं होतं, हाली सिक्का. स्वतःचं टपाल, स्वतःची रेल्वे, स्वतःची फौज. १९११ मध्ये गादीवर बसलेला सातवा निजाम मीर उस्मान अली खान इतका धनाढ्य की १९३७ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्याचं चित्र मुखपृष्ठावर छापलं.

हा राजा निव्वळ खलनायक होता असं म्हटलं तर इतिहास सोपा होतो, पण खोटा होतो. निजामसागर धरण, उस्मानिया रुग्णालय, उस्मानिया विद्यापीठ ही त्याच्याच काळातली कामं. अजिंठ्याची चित्रं वाचवण्यासाठी त्याच्या सरकारने थेट इटलीहून कारागीर आणवले होते. तरीही लोक उठले. का?

पहिलं कारण जमीन. राज्याची जमीन साधारण तीन भागांत वाटलेली. सुमारे साठ टक्के दिवाणी, म्हणजे सरकारी महसुलाखालची. तीस टक्क्यांच्या आसपास जहागीरदारांची. उरलेली दहा टक्के 'सर्फ-ए-खास', म्हणजे खुद्द निजामाच्या खाजगी खर्चासाठी. एका राज्यात तीन प्रकारचे मालक, आणि जहागिरीतल्या कुळाने दाद मागायची तर जहागीरदाराच्याच माणसाकडे. वेठबिगार होतीच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्याची लेव्ही, म्हणजे सक्तीची सरकारी वसुली, आली. खळ्यावरची रास घरात यायच्या आधी सरकारी माप त्यात पडू लागलं.

दुसरं कारण भाषा. राज्यातली बहुसंख्य माणसं तेलुगू, मराठी किंवा कन्नड बोलणारी, कारभार उर्दूचा. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात इंग्रजीऐवजी देशी भाषेतून शिकवायचं असं धाडसी पाऊल उचललं गेलं, पण ती देशी भाषा उर्दू. शेतकऱ्याला आपल्या जमिनीच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचता येत नसे. वाचून दाखवणाऱ्याच्या हातात त्याची मान.

तिसरं कारण तोंडाला लावलेलं कुलूप. 'गस्ती निशाण ५३' हे परिपत्रक जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत वारंवार भेटतं. परवानगीशिवाय सभा घ्यायची नाही. खाजगी शाळा काढायची तर परवानगी, आखाडा काढायचा तरी परवानगी. लोकांनी निवडून दिलेल्या जबाबदार कायदेमंडळाचा तर प्रश्नच नव्हता.

चौथं कारण शेजार. मराठवाड्याच्या उत्तरेला वऱ्हाड आणि खानदेश, पश्चिमेला नगर, नैर्ऋत्येला सोलापूर. तीन बाजूंनी इंग्रजी मुलूख. तिथे काँग्रेसच्या सभा होत, वर्तमानपत्रं निघत, १९३७ नंतर निवडून आलेली मंत्रिमंडळंही बसली. मनमाडच्या बाजाराला गेलेला वैजापूरकर हे सगळं पाहून संध्याकाळी घरी परत येई. माणूस अन्याय सोसतो तो 'असंच असतं' या समजुतीवर. सरहद्दीच्या पलीकडे तसं नाही हे दिसलं की ती समजूत तुटते.

शाळेतून उठलेलं बंड

सभेला बंदी, मग लोक जमणार कुठे? शाळेत, वाचनालयात आणि गणेशोत्सवात. मराठवाड्यातल्या चळवळीची गंमत अशी की तिची पहिली फळी मास्तरांची आहे.

व्यंकटेश भगवानराव खेडगीकर हा तरुण मुळात कामगार चळवळीतला, ना. म. जोशींच्या हाताखाली तयार झालेला. तिथून तो उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून आला आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेला. १९३२ मध्ये त्याने संन्यास घेतला आणि नाव झालं स्वामी रामानंद तीर्थ. भगवी वस्त्रं, हातात काठी, पण बोलणं शेतसाऱ्याचं आणि नागरी हक्कांचं. औरंगाबादेत गोविंदभाई श्रॉफ हेही शिक्षकच. या माणसांच्या वर्गातून बाहेर पडलेली पोरं पुढे दहा वर्षांनी सरहद्दीवर बंदुका घेऊन उभी राहिली.

१९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष गोविंदराव नानल. भाषा जपून वापरलेली, मागण्या सौम्य. तेलंगणात आंध्र महासभा, कन्नड भागात कर्नाटक परिषद अशीच कामं करत होत्या. १९३८ मध्ये तिघांनी मिळून हैदराबाद स्टेट काँग्रेस काढायचं ठरवलं. संस्था रीतसर जन्माला यायच्या आतच सरकारने तिच्यावर बंदी घातली. पाळण्यात घालायच्या आधीच बाळाला तडीपारी! ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि नानल, स्वामीजी यांच्यासह तुकड्यांमागून तुकड्या तुरुंगात गेल्या. त्याच सुमाराला आर्य समाजाचा वेगळा सत्याग्रह चालू होता. औरंगाबादच्या आणि उस्मानियाच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणायचा हट्ट धरला म्हणून त्यांना काढून टाकण्यात आलं. नागपूर विद्यापीठाने अशा मुलांना दार उघडलं. या चळवळीत शिक्षण तुटलेल्या मुलांतले एक, पी. व्ही. नरसिंह राव, पुढे देशाचे पंतप्रधान झाले.

वर्तमानपत्राची कथा तर ऐकण्यासारखी. आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' नावाचं साप्ताहिक काढलं ते निजामाच्या हद्दीबाहेर, पुण्यातून. राज्यात त्याच्यावर बंदी आली की ते नाव बदलून पुन्हा यायचं. पुन्हा बंदी, पुन्हा नवं नाव. पुढे अनंत भालेरावांनी औरंगाबादेत हाच वारसा दैनिक म्हणून चालवला.

स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली ती १९४६ च्या जुलैमध्ये, स्थापनेनंतर आठ वर्षांनी. तोवर तेलंगणात कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा पेटला होता. निजामाच्या राज्यात एकाच वेळी दोन क्रांत्या चालू होत्या: एक जमिनीसाठी, एक मताच्या हक्कासाठी. कधी त्या एकमेकींना हात देत, कधी पाठ.

नाका

११ जून १९४७ च्या सुमाराला निजामाने फर्मान काढलं की इंग्रज गेल्यावर हैदराबाद स्वतंत्र राहील. स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्टला 'हिंदुस्थानात सामील व्हा' दिन पाळून लढा सुरू केला. १५ ऑगस्टला दिल्लीत रोषणाई होती. हैदराबादेत स्वामी रामानंद तीर्थांनी तिरंगा फडकवला आणि ते पकडले गेले. पुढचे तेरा महिने हा लढा मुख्यतः सरहद्दीवरून चालला.

राजा म्हणजे गावातल्या माणसाला काय दिसतं? निजाम हैदराबादेत किंग कोठीत. त्याला आयुष्यात कधी न पाहिलेली लाखो माणसं. त्यांना त्याचं राज्य दिसे ते करोडगिरी नाक्यावर, म्हणजे जकातीच्या चौकीवर, जिथे गाडीतल्या पोत्यांत काठी खुपसून पाहत. शिंदीच्या झाडावर, कारण ताडी-शिंदीचा अबकारी कर हे तिजोरीचं मोठं उत्पन्न. सरकारी जंगलात, जिथे लाकूड तोडलं तर गुन्हा. लेव्हीच्या मापात. पटवाऱ्याच्या दफ्तरात.

चळवळीने नेमक्या याच जागांवर घाव घातला. गावकऱ्यांनी कुऱ्हाडी घेऊन शिंदीची बनं आडवी केली. जंगल सत्याग्रह झाले. लेव्ही देऊ नका असं गावोगाव सांगितलं गेलं. वकिलांनी कोर्टावर बहिष्कार टाकला, पाटील-पटवाऱ्यांनी राजीनामे दिले, काही ठिकाणी दफ्तरं जाळली. आणि करोडगिरीची नाकी एकामागून एक पेटू लागली.

फ्रान्सची राज्यक्रांती म्हटली की आपल्याला बॅस्तियचा तुरुंग आठवतो, १४ जुलै १७८९. पण तुरुंगावर चालून जाण्याच्या आधीचे दोन-तीन दिवस पॅरिसच्या लोकांनी काय केलं? शहराभोवतीची जकात नाकी जाळली. दारूसारखा माल ज्या चौक्यांमुळे महाग होत होता, त्या चौक्या. व्हर्सायचा राजवाडा दूर होता, नाका दाराशी होता. दीडशे वर्षांनी, हजारो मैलांवर, बॅस्तियचं नावही न ऐकलेल्या माणसांनी तेच केलं. तख्त दिसत नसलं तरी त्याचं ओझं कुठे टेकलंय हे लोकांना बरोबर कळतं. एके काळी जकात नाक्यावर रात्रभर खोळंबलेल्या ट्रक ड्रायव्हरला आपल्याकडे हे वेगळं सांगावं लागणार नाही.

सरहद्दीला लागून पलीकडे शिबिरं, म्हणजे कॅम्प उभे राहिले. लढ्याच्या कृती समितीची धुरा दिगंबरराव बिंदू यांच्याकडे. मनमाडला गोविंदभाई श्रॉफ यांचं केंद्र, सोलापूरच्या बाजूला फुलचंद गांधी, नांदेडच्या वर पैनगंगेपलीकडे उमरखेड. या शिबिरांत शाळामास्तर होते, शेतकऱ्यांची पोरं होती, सैन्यातून सुटून आलेले काही जण होते. रात्री नदी ओलांडायची, चौकी मारायची, उजाडायच्या आत परत. स्त्रियाही मागे नव्हत्या. जालन्याकडच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके हातबॉम्ब घेऊन लढल्या, हे त्या भागात अजून सांगितलं जातं.

सगळ्यात गाजली ती उमरीची बँक. ३० जानेवारी १९४८, दिल्लीत गांधीजींची हत्या झाली तोच दिवस. नांदेड जिल्ह्यातल्या उमरी गावी हैदराबाद स्टेट बँकेच्या शाखेवर कार्यकर्त्यांनी छापा घातला आणि सुमारे वीस लाखांची रक्कम नेली. तेव्हाचे वीस लाख! ती रक्कम लढ्याच्या तिजोरीत जमा झाली आणि तिचा हिशेब ठेवला गेला. नांदेडकडचे लोक आजही लुटीपेक्षा हिशेबाचंच कौतुक अधिक करतात.

महाराष्ट्राला तेव्हा असे लढे नवे नव्हते. इंग्रजांविरुद्धचं साताऱ्याचं पत्री सरकार नुकतंच होऊन गेलं होतं. जुनागढच्या नवाबाविरुद्ध 'आरझी हुकूमत' या हंगामी सरकारची घोषणा सप्टेंबर १९४७ मध्ये आपल्या मुंबईतच, माधवबागेत झाली होती. हैदराबादचं वेगळेपण असं की इथे समोर नवाबाचे चार शिपाई नव्हते. एक आख्खी फौज होती, आणि तिच्याबरोबर दुसरंही काहीतरी वाढत होतं.

रझाकारी

मजलिस-इत्तेहादुल-मुसलमीन ही संघटना १९२७ मधली. १९४६ च्या अखेरीला तिची सूत्रं कासिम रझवी नावाच्या वकिलाकडे गेली. हा लातूरला वकिली करणारा. रझाकार म्हणजे स्वयंसेवक, शब्द चांगला. रझवीने मात्र त्याचं खाजगी सैन्य केलं. राज्य करण्याचा हक्क एका धर्माचा, असं भाषणांतून सांगितलं जाऊ लागलं. निजामाला हे सैन्य आधी सोयीचं वाटलं, नंतर आवरेना. राजसत्ता डळमळू लागली की आपल्या कायद्याबाहेरचे हात वापरते आणि मग त्याच हातांची कैदी होते.

ऑक्टोबर १९४६ मध्ये बिलोलीजवळ अर्जापूरला चळवळीचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. मराठवाड्यातले ते या लढ्याचे पहिले हुतात्मे मानले जातात. १९४८ उजाडेपर्यंत गावं जाळणं, लुटणं, माणसं मारणं हे रोजचं झालं. सरहद्दीवर काल नाका जळाला की आज जवळच्या गावावर रझाकार चालून यायचे. आजींच्या आईची बैलगाडी त्याच दिवसांतली. हजारो कुटुंबं अशी निघाली: कुणी बार्शीला, कुणी मनमाडला, कुणी लोणार-मेहकरकडे.

इथे एक गोष्ट ठळक सांगायला हवी. रझाकार म्हणजे राज्यातले सगळे मुसलमान नव्हेत. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी हैदराबादने भारतात सामील व्हावं असं सातत्याने लिहिलं. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री कचेरीतून घरी जाताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. लिहिणारा हात तोडला गेला. महसूल खात्यातले फरीद मिर्झा यांनी अत्याचारांचा निषेध म्हणून सरकारी नोकरी सोडली. औरंगाबादचा विणकर किंवा बीडचा छोटा कास्तकार मुसलमान असला म्हणून जहागीरदार नव्हता. तोही तीच लेव्ही भरत होता.

दरम्यान दिल्लीशी वाटाघाटी चालू होत्या. २९ नोव्हेंबर १९४७ ला एक वर्षासाठी 'जैसे थे' करार झाला. भारताचे प्रतिनिधी म्हणून कन्हैयालाल मुन्शी हैदराबादेत बसले. निजामाचे पंतप्रधान लायक अली यांच्या सरकारने पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचं कर्ज देऊ केलं. सिडनी कॉटन नावाचा वैमानिक कराचीहून रात्रीच्या विमानांनी शस्त्रं आणू लागला. करार कागदावर राहिला.

पोलीस ॲक्शन

१३ सप्टेंबर १९४८, सोमवार. दोनच दिवसांपूर्वी कराचीत जिना वारले होते. पहाटे भारतीय सैन्य चारी बाजूंनी शिरलं. मुख्य फौज सोलापूरहून, मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखाली. पहिल्याच दिवशी नळदुर्गजवळचा बोरी नदीचा पूल निजामाच्या फौजेने उडवून देण्याआधी हाती आला आणि हैदराबादचा रस्ता मोकळा झाला. औरंगाबादच्या बाजूने मेजर जनरल डी. एस. ब्रार यांच्या तुकड्या आल्या. लष्कराने मोहिमेला दिलेलं नाव 'ऑपरेशन पोलो'. सरकार मात्र तिला 'पोलीस ॲक्शन' म्हणालं, कारण हैदराबादने संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार केली होती आणि हा घरचा मामला आहे, दोन देशांतलं युद्ध नाही, असं जगाला सांगायचं होतं. रणगाडे गेले आणि नाव पोलिसांचं झालं! मराठवाड्यातल्या ज्या बायकांनी कधी शाळेचं तोंड पाहिलं नाही त्यांच्याही जिभेवर हे दोन इंग्रजी शब्द कायमचे बसले.

पाचव्या दिवशी, १७ सप्टेंबरला संध्याकाळी निजामाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली. २२४ वर्षांची गादी पाच दिवसांत गेली असं आपण सहज म्हणतो. पण फौज शिरली तेव्हा राज्य आतून पोकळ झालेलं होतं. नाक्यांवर जकात गोळा होत नव्हती, कित्येक गावांत पटवारी उरला नव्हता, मध्यमवर्ग तुरुंगात किंवा सरहद्दीपार होता. फक्त 'पोलीस ॲक्शन' म्हटलं की हे तेरा महिने आणि त्याआधीची दहा वर्षं पुसली जातात. फक्त 'मुक्तिसंग्राम' म्हटलं तर सैन्याशिवाय हे एवढ्या लवकर संपलं नसतं, हे नजरेआड होतं.

आणि दोन्ही शब्द मिळून आणखी एक गोष्ट झाकतात. शरणागतीनंतरच्या आठवड्यांत सूडाची लाट उसळली आणि तिचा बळी ठरले मुख्यतः सामान्य मुसलमान. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली समिती पाठवली. समितीने राज्यभर फिरून दिलेला अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे दोन आपले. हा अहवाल कित्येक दशकं दप्तरात बंद राहिला. अलीकडे तो अभ्यासकांना वाचायला मिळू लागला. रझाकारीत घर जळालेल्याची आठवण खरी आहे आणि पोलीस ॲक्शननंतर बाप गमावलेल्याचीही. एकीसाठी दुसरी खोडायची गरज नाही.

गादीचं पुढे काय झालं

फ्रान्सने राजाचं डोकं उडवलं, रशियाने झारचं कुटुंब संपवलं. हैदराबादेत काय झालं? निजाम तसाच राहिला. वर्षाला पन्नास लाखांचा तनखा घेऊन, आणि २६ जानेवारी १९५० पासून भारताच्या राज्यघटनेखालचा राजप्रमुख म्हणून. सत्ता गेली, मान ठेवला. कासिम रझवीला शिक्षा झाली. १९५७ मध्ये सुटल्यावर तो पाकिस्तानात निघून गेला.

खरा बदल कागदावर झाला, आणि तो मोठा होता. १९४९ मध्ये जहागिरी खालसा झाल्या, सर्फ-ए-खास सरकारात आलं. १९५० मध्ये कूळकायदा झाला. १९५२ मध्ये मंठ्याच्या शेतमजुराने आणि हैदराबादच्या नवाबाने सारख्याच वजनाचं एकेक मत टाकलं. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं आणि मराठवाडा कुठलीही अट न घालता उरलेल्या मराठी भाषकांना येऊन मिळाला. अटी घातल्या असत्या तर बरं झालं असतं, ही कुरकुर तिकडे अजून ऐकू येते. पाण्यावरून, नोकऱ्यांवरून, रेल्वेवरून. राजा गेला की राज्य आपलं होतं. विकास आपोआप येत नाही. तसं नसतं तर आमच्या चाळीत परभणी-जालन्याची इतकी घरं कशाला असती?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका सिंधी काकांचं किराणा दुकान आहे. त्यांचे वडील फाळणीनंतर सिंधमधून आले आणि कल्याणच्या लष्करी छावणीत, बराकीत राहिले. त्या छावणीचं ८ ऑगस्ट १९४९ ला उल्हासनगर झालं, तरी लोकांच्या तोंडी अजून 'कॅम्प'च आहे. फाळणीनंतरच्या त्याच महिन्यांत मराठवाड्याच्या सरहद्दीवरही कॅम्प होते. कुठे लढणाऱ्यांचे, कुठे पळून आलेल्यांचे. मागच्या सतरा सप्टेंबरला काकांनी पेढा घेतला आणि आजींना विचारलं, "आप लोग वापस गये ना, घर?"

"गेलो की," आजी म्हणाल्या. "पोलीस ॲक्शन झाल्यावर महिन्याभरात. घराची भित्तं तेवढी राहिली व्हती. पर गेलो."

काका काही बोलले नाहीत. पुड्या बांधत राहिले. त्यांच्या घरच्यांना परत जायला घर उरलं नव्हतं.

तेवढ्यात रुळांवरून गाडी धडधडत गेली. मुंबईहून नांदेडला जाणारी तपोवन एक्सप्रेस. ती शहाडला थांबत नाही. मराठवाड्याच्या माणसाला कल्याणला जाऊन पकडावी लागते. पुढे ती मनमाडला वळते आणि निजामाच्या जुन्या रेल्वेमार्गाने छत्रपती संभाजीनगर (जुनं औरंगाबाद), जालना करत परतूरला थांबते. महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं होतं तेच परतूर, आणि आजींना मंठ्याला जायचं तर उतरायचं तेही तिथेच. मनमाड गेलं की डब्यात करोडगिरीचा शिपाई चढत नाही, पोत्यात काठी खुपसत नाही. सरहद्द केव्हा ओलांडली हे आता कळतही नाही. पाचवीतला तो पोरगा मात्र बांबूजवळ उभा राहून अजून विचारत होता, "आजी, नाका म्हणजे नक्की कुठे होता?"